गुहेबाहेरचा कोळी

ज्याला ज्याला सांगते की आम्ही कोळ्याच्या एका नव्या जातीचं वर्णन लिहितोय आणि तो गुहेजवळ सापडलाय, तो लगेच विचारतो की आत किती खोल होता. आत नव्हताच हो. गुहेच्या तोंडापासून जेमतेम तीस पावलांवर एक मोठा खडक आहे, खालून पोखरल्यासारखा, त्या खडकाच्या पोटाला उलटा लटकून बसला होता. आधीच्या दोन फेऱ्यांत आम्ही त्याच खडकावर बॅगा टाकून, हेल्मेटचे पट्टे आवळून, मोठ्या थाटात आत गेलो होतो. आत तीन-तीन तास चिखलात रांगून मिळालं काय, तर जी जात कुठेही मिळते तीच. तिसऱ्या फेरीत माझ्या टॉर्चचे सेल गेले म्हणून मी वैतागून बाहेर थांबले, बॅगेतून नवे सेल काढायला वाकले आणि खडकाखालच्या अंधारात काहीतरी थरथरलं. नवा प्राणी शोधायला म्हणून मी काहीच केलेलं नाही, सेल विसरले एवढंच.

जागेचं नाव, प्रदेश, काहीही सांगणार नाहीये, पेपर अजून रिव्ह्यूमध्ये आहे. जातीचं नावही नाही. वर्णन रीतसर छापून येण्याआधी नाव बाहेर फुटलं तर नियमाप्रमाणे त्याला शून्य किंमत असते, त्याला नोमेन न्यूडम म्हणतात, म्हणजे उघडंनागडं नाव, आणि असं नाव पुढे कुठे कुठे फिरून गोंधळ घालत राहतं. त्यामुळे माफ करा, खाली सगळीकडे ‘आमचा कोळी’च वाचावं लागेल.

हा सेलर स्पायडरच्या कुळातला, फोल्सिडी नाव या कुळाचं, आणि त्यातल्या फोल्कस या जीनसमधला, जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट. तुम्ही पाहिलाय, शंभर टक्के. छताच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, तळघरात, इतके बारीक आणि लांब पाय की आधी वाटतं नुसती जळमटंच आहेत, आणि झाडू लावायला जावं तर ती जळमटं चालायला लागतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध फोल्कस फॅलँजिऑइडीज, १७७५ साली फ्यूस्लिनने वर्णन केलेला, मादीचं अंग आठ-नऊ मिलिमीटर आणि पाय पाच सेंटीमीटरच्या आसपास. हा माणसाच्या घरांबरोबर जगभर पसरलाय म्हणून लोकांना वाटतं की या कुळात असे दोन-चारच असतील. पण कुळात १,९०० च्या वर जाती आहेत, बहुतेक घराच्या जवळपासही फिरकत नाहीत, जंगलात पानाखाली, पालापाचोळ्यात, कड्यांच्या कपारीत आणि गुहांत राहतात. पानाखाली राहणारे फिकट हिरवट आणि लांबोडके, कातळावरचे जरा गडद, आणि गुहेत पार आत राहणारे काही तर रंग उडालेले आणि डोळे बारीक झालेले किंवा गेलेलेच.

यांना त्रास दिला की पळत नाहीत, पाय जाळ्यात घट्ट रोवून सगळं अंग गरगर फिरवायला लागतात, इतक्या वेगात की कोळी दिसेनासा होतो, फक्त एक धुरकट गोळा दिसतो. उडी मारून शिकार करणाऱ्या दुसऱ्या कोळ्यांना चकवायला ही युक्ती चांगलीच उपयोगी पडते म्हणे. फोटो काढणाऱ्याला मात्र ती रडवते. माझ्याकडे पहिल्या दिवसाचे एक्केचाळीस फोटो आहेत, त्यातल्या अडतीस फोटोंत धुकं आहे.

आणि ते ‘जगातला सगळ्यात विषारी कोळी हाच, पण दात छोटे म्हणून चावू शकत नाही’ वालं ज्ञान कृपया मला पाठवू नका. त्याला काही आधार नाही. विष आहे, माश्या-डासांना आणि दुसऱ्या कोळ्यांना पुरतं. हो, हा दुसऱ्या कोळ्यांना खातो, त्यांच्या जाळ्यावर जाऊन भक्ष्य अडकल्यासारखे धागे हलवतो आणि मालक बघायला आला की मागच्या पायांनी लांबूनच त्याच्यावर रेशीम फेकतो. दिसायला काडी, पण काम गुंडाचं.

तर तो पहिला सापडलेला मी बाटलीत घेतला, कलेक्शनची परवानगी होती, आणि त्याच रात्री मायक्रोस्कोपखाली बघून ग्रुपवर टाकलं की नर मिळालाय आणि ओळखीचा नाहीये. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकच नजर टाकली. “सबॲडल्ट आहे गं. पाल्प फुगलाय, पण आत काही तयार नाही. ठेव बाजूला.” झालं. पाल्प म्हणजे नराच्या तोंडाशेजारचा आखूड हात, त्याच्याबद्दल पुढे येईलच. कोळ्याची जात ओळखायची तर पूर्ण वाढ झालेला हवा, आणि हा शेवटची कात टाकायच्या एक पायरी अलीकडचा होता. जिवंत ठेवला असता, चार माश्या खाऊ घातल्या असत्या, तर काही आठवड्यांत आपणहून मोठा झाला असता. मी घाईने अल्कोहोलमध्ये बुडवला. त्याची किंमत चार महिने, कारण पुढच्या फेरीला तेवढा उशीर लागला.

पुढच्या फेरीत मोठे नर मिळाले, दोन. एकाने बाटलीत जाता जाता पुढचे दोन्ही पाय सोडून दिले. यांचे पाय असे सुटतात, हात लावायची खोटी. आणि पुढच्या पहिल्या पायाचीच मापं वर्णनात सगळ्यात आधी लागतात, मांडीपासून पंज्यापर्यंत पाचही भाग वेगवेगळे आणि टिबियाची, म्हणजे नडगीची, लांबी भागिले जाडी. म्हणून तो होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला जातीचं नाव कायमचं बांधलं जातं तो, व्हायचा राहिला. दुसरा धड होता. पण त्याच्या बाटलीतलं लेबल मी जेल पेनने लिहिलं होतं. अल्कोहोल निळं आणि कागद कोरा. हसू नका, खरंच असं झालं. पेन्सिलने लिहायचं असतं हे शाळेतल्या पोरालाही सांगतात. नुसता कोळी म्हणजे काही नाही, कुठून, कधी, कशावर बसलेला हे लेबल नसेल तर तो नमुना कचराच समजा. नशीब की बाटलीच्या झाकणावर नंबर होता आणि तोच नंबर वहीत होता, नाहीतर पुढचं काहीच लिहायला मी तोंड दाखवलं नसतं.

आता खरी गोष्ट. नवा आहे हे कशावरून?

रंगावरून नाही. पायांच्या लांबीवरूनही नाही, पोटावरच्या ठिपक्यांवरून तर नाहीच, एकाच आईची पिल्लं ठिपक्यांनी वेगळी निघतात. बघायचा तो नराचा पाल्प. तोंडाशेजारी दोन आखूड हात असतात, मोठ्या नरात ते बॉक्सिंग ग्लोव्ह्ज घातल्यासारखे सुजलेले, आणि त्यांच्या टोकाला वीर्य भरून मादीपर्यंत पोचवायची सगळी यंत्रणा. आधी छोटं जाळं विणून त्यावर थेंब सोडतो, मग तो पाल्पमध्ये शोषून घेतो. कोळ्यांत ही यंत्रणा जातीगणिक बदलते, आणि फोल्कसच्या जातभाईंत तर इतकी की चेहऱ्याने सारखे दिसणारे दोन कोळी पाल्प वळवून बघितल्यावर एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

आमच्या नराचा डावा पाल्प मी काढला, चित्रं डाव्याचीच काढायची रीत आहे, म्हणजे जगातल्या कुठल्याही पेपरातल्या चित्राशी ताडून बघता येतं. त्यात एक भाग असतो प्रोकर्सस, हाताच्या पंजातून बाहेर आलेलं एक वाकडं बोट समजा. अर्ध्या मिलिमीटरहून कमी. लेन्स मोठी केली तर दिसतं की बोटाचं टोक सरळ नाहीये, तिथे एक काचेसारखा पातळ पडदा आहे, पडद्याची कड करवतीसारखी दातेरी, आणि पडद्याच्या मागे, जिथे बघायला पाल्प थोडा कलता करावा लागतो, तिथे आत वळलेला एकच काळा काटा. तो काटा मी पहिल्या दिवशी पाहिलाच नाही, कारण त्यावर कसला तरी धुळीचा कण बसला होता. एका पापणीच्या केसाने, म्हणजे खरंच माझ्याच पापणीचा केस काडीला चिकटवून, तो कण हलवायला वीस मिनिटं गेली, श्वास रोखून, कारण श्वासाने टेबल हलतं असं वाटायला लागतं. आणि कण हटला तेव्हा काटा दिसला. शेजारी पाल्पचेच आणखी दोन भाग, अंकस, त्याची कड खवल्यांची, आणि अपेंडिक्स, ज्याला टोकं दोन. जवळच्या नातेवाईक जातीत त्याला टोक एकच. जबड्यावर पुढे दोन काळे उंचवटे, तेही मोजायचे, दोघांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं.

एकेका पातळीवर फोकस करून चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे, मग ते सॉफ्टवेअरने एकावर एक बसवायचे, तेव्हा कुठे एक स्वच्छ चित्र मिळतं. तरी शेवटी हाताने रेघांचं चित्र काढावंच लागतं. कॅमेरा सगळंच दाखवतो, आणि कुठल्या कडेकडे बघायचं हे तो सांगत नाही.

मादी त्या मानाने गरीब. बाहेरून एक कडक पट्टी आणि फोल्कसमध्ये असते तशी त्यावर एक गाठ, आतलं बघायचं तर तेवढा भाग कापून पारदर्शक करायचा. त्याला लॅक्टिक ॲसिड चालतं नाहीतर लवंगाचं तेल. आमच्याकडे लवंगाचं तेल, त्यामुळे दोन दिवस अख्ख्या लॅबला दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा वास. आत दोन छिद्राळ चकत्या दिसतात, त्यांचा आकार आणि मधलं अंतर हे काय ते पुरावे.

इथपर्यंत मला वाटत होतं की झालं, वेगळा आहे. इथूनच खरं काम सुरू झालं, कारण वेगळा म्हणजे कोणापेक्षा वेगळा? आजवर छापलेल्या प्रत्येकापेक्षा. त्यासाठी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग आहे, बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून चालतो, नाव नोंदवलं की १७५७ पासूनचे कोळ्यांवरचे पेपर फुकट वाचायला मिळतात. १७५७ का, तर त्या वर्षी क्लेर्क नावाच्या स्वीडिश माणसाचं कोळ्यांवरचं पुस्तक आलं. प्राण्यांची नावं लिनियसच्या १७५८ च्या पुस्तकापासून धरायची असा नियम, मग या एका पुस्तकासाठी नियमातच लिहून ठेवलंय की ते १ जानेवारी १७५८ ला आलं असं मानायचं. मला ही जाम आवडलेली पळवाट आहे. या कॅटलॉगमध्ये एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजारावी जात नोंदली गेली, दक्षिण अमेरिकेतला एक उड्या मारणारा कोळी, गुरिउरियस मिनुआनो.

फोल्कसपुरतं बघायचं तर बॉनच्या म्युझियममधल्या बर्नहार्ड ह्यूबर यांचं २०११ चं पाचशेच्या वर पानांचं काम आहे, ते नसतं तर माझ्यासारखीने या वाटेला पाऊलच टाकलं नसतं. शेकडो पाल्प, एकाच कोनातून, एकाच पद्धतीने. दोन महिने मी रोज रात्री तीच चित्रं बघत होते. स्वप्नात प्रोकर्सस यायला लागले.

नर कोणाशीच जुळेना. आणि मग एक अडचण निघाली जी मला आधी सुचलीच नव्हती. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकाकडून एका जातीचं फार जुनं वर्णन होतं, एकाच मादीवरून केलेलं. दीड परिच्छेद. रंग फिकट, पाय लांब, पोटावर ठिपके. चित्र पोटाचं. अरे बाबा, लांब पाय नसलेला फोल्कस दाखव मला! पण नर कोणी पाहिलेलाच नाही. म्हणजे आमचा नवा नर हा त्या जुन्या मादीचा नवरा असू शकतो, आणि तसं असेल तर जात जुनीच, नाव जुनंच, आम्ही फक्त ‘नराचं पहिलं वर्णन’ एवढंच लिहायचं. न बघता नवं नाव ठोकून दिलं असतं तर पुढे कोणीतरी ते जुन्या नावाखाली गाडलं असतं, आणि कॅटलॉगमध्ये ते कायमचं दिसत राहिलं असतं, सिनॉनिम म्हणून, म्हणजे जुन्याच जातीला पडलेलं दुसरं, फुकट गेलेलं नाव म्हणून, माझ्या नावासकट.

ती मूळ मादी एका म्युझियममध्ये होती. मेल केला. उत्तर नाही. परत केला. मग कळलं की ती बाटली दुसऱ्याच कपाटात गेलीये, शोधतोय. नमुना पाठवायचा प्रश्नच नव्हता, इतका जुना जीव प्रवासात तुकडे होऊन पोचला असता, म्हणून फोटो मागितले. पहिल्या मेलपासून फोटो हातात पडेपर्यंत सात महिने. सगळ्या बाजूंनी काढलेला फोटो हवा होता, आला पोटाखालून एकच, पण तो पुरला. तिच्या पट्टीवरची गाठ मध्यभागी आणि आखूड. आमच्या पाचही माद्यांची गाठ मागच्या कडेला आणि जवळपास दुप्पट लांब. पाच असल्यामुळे छातीठोकपणे म्हणता आलं, एकच असती तर कोणीही म्हटलं असतं की असेल एखादी वेगळी.

आमचे नर आणि आमच्या माद्या तरी एकाच जातीचे कशावरून, हा पुढचा चावरा प्रश्न. एकाच जाळ्यात दोघं बसलेले दोनदा पाहिले होते, वर एकेक पाय तोडून डीएनए केला, दोघांचं सीओआय, म्हणजे जाती ताडून बघायला वापरतात तो जीन, जुळलं. गंमत बघा, ज्या नराचे पाय गळले म्हणून मी रडले होते त्याचाच एक पाय इथे कामाला आला, तो वेगळ्या बाटलीत शंभर टक्के अल्कोहोलमध्ये टाकून ठेवला होता.

मग नाव. इथे लॅबमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. सगळ्यांना गुहेवरून हवं होतं. कॅव्हर्निकोला, म्हणजे गुहेत राहणारा. ऐकायला झकास, लोकांना लगेच कळतं, बातमीतही छान दिसतं. “अगं पण गुहेजवळच तर मिळालाय ना!” हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी रागाने वही उघडून दाखवली. गुहेत आत आम्ही एकूण पाच वेळा शोध घेतला, दिवसा, रात्री, तोंडापाशी, उजेड संपतो तिथे, पार आत जिथे हवा वर्षभर सारखीच दमट असते तिथे. एकदाही नाही. सगळे मिळाले ते बाहेरच्या खडकांखाली, तिथे दिवसा थोडा उजेड येतो, वारा लागतो. डोळे आठही जागच्या जागी, तीन-तीनचे दोन झुबके आणि मध्ये दोन बारके, पायावर गडद वळी, गुहेतल्या प्राण्यासारखं अंगात काहीही नाही. गुहा तिथे आहे, कोळीही तिथे आहे, दोघांचा संबंध आमच्या बॅगांपुरता.

आणि यात हट्ट करण्यासारखं काय, तर हे की नाव चुकीचं आहे म्हणून ते बदलता येत नाही. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, कलम १८ मध्ये, तसं स्पष्टच आहे, नाव शोभत नाही म्हणून रद्द होत नाही. एकदा गुहेत राहणारा म्हणून छापलं की शंभर वर्षांनी कोणीतरी यादी करणार, गुहेतले कोळी, आणि आमच्या कोळ्याला त्यात बसवणार, कारण नावच तसं आहे. वर्णन वाचायला कोण जातं? मीच दोनशे वर्णनांतली किती नीट वाचली ते मला माहितीये.

मग खडकावरून काहीतरी, गाठीवरून काहीतरी, असं करत करत एक शब्द ठरला. आधी फोल्कसमध्ये तो कोणी वापरलेला नाही ना हे तपासलं, फोल्कस हा शब्द लॅटिनमध्ये पुल्लिंगी म्हणून विशेषणाचा शेवट त्याप्रमाणे केला. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त मसुद्यात जुनं नाव खोडून नवं लिहिलं. ती त्यांची मान्यता.

मागच्या आठवड्यात एका रिव्ह्यूअरचं उत्तर आलं. मापांत एक चूक काढली, ती खरंच होती, मी दुसऱ्या पायाचं माप पहिल्याच्या ओळीत टाकलं होतं. दोन चित्रं पुन्हा काढायला सांगितली. आणि शेवटी लिहिलंय की शीर्षकात ‘गुहेतला’ असा शब्द आला तर पेपर जास्त लोकांपर्यंत पोचेल, विचार व्हावा. विचार केला. पाच शोधांच्या तारखा, प्रत्येक वेळचे तास आणि आत मिळालेला आकडा, शून्य, असा एक छोटा तक्ता करून उत्तरासोबत जोडलाय.

चित्रांसाठी परवा परत जाऊन आले. खडकाखाली एक मादी होती, जबड्यात अंड्यांचा गोळा धरून. या माद्या अंडी अशीच तोंडात वागवतात, चार धाग्यांनी बांधलेली, पिशवी कसली ती नाहीच, प्रत्येक अंडं बाहेरून मोजता येतं, आणि पिल्लं निघेपर्यंत बाई जवळपास उपाशी. मी मोजली, बावीस. टॉर्च जरा जास्तच जवळ नेला असावा, कारण ती गरगरायला लागली, अंड्यांसकट. मग टॉर्च बंद केला आणि तिथेच बसून राहिले, पंधराएक मिनिटं असेन. तिला घेतली नाही, पाच पुरे आहेत.

बॅगा आम्ही आता पलीकडच्या दगडावर ठेवतो.